पाण्यात विरघळलेला धातू कसा ओळखावा?
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

धाराशिव तालुक्यातील बेंबळी व तिच्या आसपासची गावे काळ्या कातळावर वसलेली आहेत. हा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन बनलेला बेसाल्ट होय. त्याच्याच झिजेतून येथील काळी जमीन तयार झाली व त्याच्याच भेगांतून विहिरींना पाणी येते. सिलिका व ॲल्युमिनियम यांच्या जोडीने लोह, कॅल्शियम व मॅग्नेशियम हे धातू या दगडात मुबलक आहेत. पावसाचे पाणी दगडातून झिरपत असता या धातूंचा काही अंश आपल्याबरोबर नेते. तथापि विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन पाहिले तर त्यात धातू असल्याची कोणतीही खूण दिसत नाही. ते स्वच्छ व पारदर्शक असते.

डोळ्यांस न दिसणारा धातू ओळखावा कसा, हा या पाठाचा विषय आहे. रसायनशास्त्रात या विद्येस गुणात्मक पृथक्करण असे म्हणतात. पदार्थात काय आहे, एवढाच प्रश्न ती विचारते. किती आहे, हा प्रश्न परिमाणात्मक पृथक्करणाचा होय. या दोन प्रश्नांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर पक्का बिंबला, तरच हा पाठ सफल झाला असे समजावे. हा भेद विसरल्यास काय अनर्थ होऊ शकतो, ते शेवटी सांगितले आहे.

पाठाचे हेतू

1. धातू व त्याचा आयन यांतील फरक विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखविणे.
2. एका परीक्षकद्रव्याने अनेक धातूंचे आयन वेगवेगळे कसे ओळखता येतात, याचा अनुभव देणे.
3. मिश्रणात एक आयन दुसऱ्यास झाकतो, म्हणून पृथक्करणास क्रम लागतो, हे पटवून देणे.
4. नोंदीतून जेवढे सिद्ध होते तेवढेच बोलण्याची सवय लावणे.

साहित्य व दक्षता

पुष्कळसे साहित्य गावात किंवा तालुक्याच्या बाजारात मिळते. मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, चुना, धुण्याचा सोडा, मीठ व कपडे धुण्याची साबणाची वडी ही दुकानात मिळतात. झिंक सल्फेट व मॅग्नेशियम सल्फेट कृषी सेवा केंद्रात खत म्हणून विकतात. अमोनियाचे सौम्य द्रावण, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, ॲसेटिक आम्ल, फेरिक क्लोराइड, पोटॅशियम फेरोसायनाइड, अमोनियम ऑक्झलेट, सोडियम फॉस्फेट, गाळणकागद आणि काही परीक्षानळ्या जवळच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणाव्यात. द्रावणे करण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. ते न मिळाल्यास स्वच्छ भांड्यात उघड्यावर धरलेले पावसाचे पाणी चालते. विहिरीचे पाणी मात्र वापरू नये, कारण परीक्षा त्याचीच करावयाची आहे.

मोरचूद विषारी आहे. अमोनियाच्या वाफेने डोळे व घसा चुरचुरतो. ऑक्झलेटही पोटात जाता कामा नये. म्हणून अमोनिया, आम्ले व ऑक्झलेट शिक्षकांनी स्वतः हाताळावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कोणताही पदार्थ चाखून पाहू देऊ नये आणि पाठ संपताच सर्वांकडून साबणाने हात धुऊन घ्यावेत. पोटॅशियम फेरोसायनाइड तीव्र आम्लाबरोबर कधीही तापवू नये. प्रयोगातील सांडपाणी विहिरीपासून, गोठ्यापासून व हौदापासून दूर, मातीच्या खड्ड्यात टाकावे.

पहिला प्रयोग : मोरचूद आणि विळा

पाठाची सुरुवात मोरचुदापासून करावी. द्राक्षबागा असलेल्या गावांतील मुलांस मोरचूद परिचित असते. करपा, केवडा यांसारख्या बुरशीजन्य रोगांवर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी त्याचे गुण 1885 साली प्रसिद्ध केले, म्हणून त्यास हे नाव पडले. एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी घेतात. चुना कमी पडल्यास मोकळे राहिलेले तांबे कोवळी पाने जाळते. म्हणून जाणता बागायतदार फवारणीपूर्वी घासून लख्ख केलेला विळा किंवा चाकूचे पाते मिनिटभर मिश्रणात बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर तो आणखी चुन्याची निवळी घालतो.

ही गुणात्मक परीक्षाच होय, आणि ती प्रयोगशाळेच्या बाहेर, बांधावर होते. वर्गात तीच करून दाखवावी. मोरचुदाच्या फिक्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा घासून बुडवावा. थोड्या वेळाने तो वर काढला असता त्यावर तांब्याचा लालसर थर दिसतो. द्रावणात तांबे तर होतेच. मग ते आधी लाल का दिसले नाही?

याचे उत्तर आयनाच्या कल्पनेत आहे. तांब्याच्या अणूत 29 इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी दोन गेले म्हणजे अणूवर दोन धनभार उरतात. असा भारित कण म्हणजे तांब्याचा आयन. तो पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो व त्यामुळे द्रावणास निळा रंग येतो. मोरचुदाचे निळे खडे लोखंडी पळीत मंद आचेवर तापवले तर पाणी निघून जाऊन ते पांढरे पडतात, आणि गार झाल्यावर पाण्याचा थेंब पडताच पुन्हा निळे होतात. खिळ्याचे लोह आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनास देते. तांबे धातुरूपाने खिळ्यावर बसते व लोह आयन होऊन द्रावणात उतरते. म्हणजे धातू तोच, परंतु अणुरूपात त्याचा गुण एक व आयनरूपात दुसरा.

हा भेद शेतकऱ्याच्याही अनुभवाचा आहे. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत लोह भरपूर असते. तरीही तिच्यातील पिकाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. चुनखडीमुळे लोह अविद्राव्य स्वरूपात अडकून पडते आणि मुळांस आयनरूपाने मिळत नाही, हे त्याचे कारण. म्हणूनच लोहाने भरलेल्या जमिनीतील पिकावरही हिराकसाच्या द्रावणाची फवारणी करावी लागते.

दुसरा प्रयोग : एक परीक्षकद्रव्य, अनेक उत्तरे

पाच परीक्षानळ्यांत मोरचूद, फेरिक क्लोराइड, तुरटी, झिंक सल्फेट व चुन्यापासून केलेले कॅल्शियम क्लोराइड यांची सौम्य द्रावणे घ्यावीत. शेवटच्यासाठी थोडा चुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, आम्ल शिल्लक राहिल्यास आणखी चुना घालून ते शमवावे व गाळून घ्यावे. प्रत्येक नळीत अमोनियाचे द्रावण प्रथम थेंब थेंब व नंतर भरपूर घालावे. काय घडते ते विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून सांगावे. शिक्षकांनी आधी सांगू नये. फलकावर पुढील नोंद तयार होईल.

तांबे : थोड्या अमोनियाने फिकट निळा साका, जास्त अमोनियाने तो विरघळून गर्द निळे द्रावण.
लोह (फेरिक) : तांबूस तपकिरी साका, जास्त अमोनियातही न विरघळणारा.
ॲल्युमिनियम : भाताच्या पेजेसारखा पांढरा, बुळबुळीत साका, जास्त अमोनियातही तो तसाच राहतो.
जस्त : पांढरा साका, जास्त अमोनियाने विरघळून द्रावण नितळ.
कॅल्शियम : साका येत नाही.

द्रावणातून घनरूपाने वेगळा होऊन खाली बसणारा पदार्थ म्हणजे साका किंवा अवक्षेप, ही व्याख्या येथे द्यावी. तुरटीच्या साक्याकडे विशेष लक्ष वेधावे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तेव्हा ॲल्युमिनियमचा हाच बुळबुळीत साका तयार होतो. तो मातीचे कण आपल्यात गुंतवून तळाशी नेतो आणि पाणी निवळते. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही कृती म्हणजे एक अवक्षेपण आहे, हे कळल्यावर मुलांस विषयाची गोडी लागते.

ॲल्युमिनियम व जस्त या दोहोंचा साका पांढरा. पहिल्या थेंबांवर थांबणारा विद्यार्थी दोहोंत गोंधळेल. जास्त अमोनिया घालून पाहणारा गोंधळणार नाही. एका खुणेवर विसंबू नये, दुसरी खूण शोधावी, हा या विद्येचा पहिला नियम होय.

याच प्रयोगास जोडून समईचा कळंक दाखवावा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार राहिले तर ते कळकते, हे घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या स्त्रीस ठाऊक असते. आंबटातील आम्ल पितळेतील तांबे विरघळवते व ते अन्नात उतरते. न घासलेल्या पितळी समईवरील हिरवट कळंक थोडा खरवडून परीक्षानळीत घ्यावा व त्यावर अमोनिया घालून हलवावे. गर्द निळा रंग उमटतो. कल्हई करणारा कारागीर कथिलाचा पांढरा लेप का देतो, आणि त्या वेळी नवसागर का टाकतो, हेही येथे सांगता येईल. तापलेल्या भांड्यावर नवसागर पृष्ठभाग स्वच्छ करतो, त्यामुळे कथील नीट धरते. नवसागरात अमोनियम आयन असतो; तो धातूचा नव्हे, परंतु पृथक्करणात त्याची गणना धातूंच्या आयनांबरोबर करतात. नवसागर व ओला चुना हातावर न घेता दगडी खलात घोटला असता अमोनियाचा उग्र वास येतो. हीच अमोनियमची खूण.

तिसरा प्रयोग : मिश्रणाचा गुंता

येथवर प्रत्येक नळीत एकच धातू होता. निसर्गात असे क्वचितच असते. पितळेच्या कळंकात तांब्याबरोबर जस्तही असते. परंतु जास्त अमोनियात दोन्ही विरघळतात आणि तांब्याच्या गर्द निळ्या रंगाखाली जस्त झाकले जाते. डोळ्यांस दिसले नाही म्हणून ते तेथे नाही, असे म्हणता येईल काय? हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा व थोडा वेळ मुलांस विचार करू द्यावा.

मग शिक्षकांनी मोरचूद व फेरिक क्लोराइड यांचे मिश्र द्रावण करावे. पोटॅशियम फेरोसायनाइडने लोहाचा गर्द निळा व तांब्याचा तांबूस तपकिरी साका येतो. दोन्ही धातू एकत्र असता हे दोन्ही साके मिसळून मळकट रंग दिसतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. हे दाखवून झाल्यावर त्याच मिश्र द्रावणाचा ताजा भाग घेऊन त्यात भरपूर अमोनिया घालावा. लोहाचा तांबूस साका खाली बसतो; तांबे निळ्या द्रावणात राहते. हे गाळणकागदातून गाळावे. कागदावर लोह उरते व खाली तांबे उतरते.

कागदावरील साका पाण्याने चांगला धुऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या काही थेंबांत विरघळवावा व त्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाकावा : गर्द निळा रंग येतो, लोह सिद्ध. खाली उतरलेल्या निळ्या द्रावणात अमोनियाचा वास जाईपर्यंत ॲसेटिक आम्ल घालून मग तेच परीक्षकद्रव्य टाकावे : तांबूस तपकिरी साका येतो, तांबे सिद्ध. मघाशी ज्या द्रव्याने गोंधळ केला, त्याच द्रव्याने आता स्वच्छ साक्ष दिली. फरक एवढाच की आधी दोघांस वेगळे केले व मग विचारले. साका धुण्याचा कंटाळा केल्यास त्यात अडकलेले तांबे लोहाच्या परीक्षेत लुडबूड करते, हेही मुद्दाम करून दाखवण्यासारखे आहे.

सहा गटांची चाळण

खळ्यावर मळणी झाल्यावर धान्य आधी उफणतात, मग मोठ्या छिद्रांच्या चाळणीने काडीकचरा काढतात आणि नंतर बारीक चाळणीने माती व बारीक दाणा पाडतात. बारीक चाळणी आधी घेतली तर सारेच तिच्यावर राहते व काहीच निवडले जात नाही. धातूंच्या आयनांचे पृथक्करणही असेच चाळणीचे काम आहे. कार्ल रेमिगिउस फ्रेसेनिउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1841 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गुणात्मक पृथक्करणाचे पद्धतशीर पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्या वळणावर शिकले. शिक्षकांच्या माहितीसाठी आज रूढ असलेल्या पद्धतीतील गटांचा क्रम येथे देत आहे. तो मुलांकडून पाठ करून घेऊ नये.

पहिला गट : सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चांदी, शिसे व मर्क्युरस पारा यांचे क्लोराइड खाली बसतात.
दुसरा गट : आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडल्यास तांबे, मर्क्युरिक पारा, बिस्मथ, कॅडमियम, आर्सेनिक, अँटिमनी, कथील व शिशाचा उरलेला अंश यांचे सल्फाइड साचतात.
तिसरा गट : नवसागर व अमोनिया यांनी लोह, ॲल्युमिनियम व क्रोमियम यांचे हायड्रॉक्साइड.
चौथा गट : अमोनियायुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइडने जस्त, मँगनीज, निकेल व कोबाल्ट.
पाचवा गट : अमोनियम कार्बोनेटने कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम.
सहावा गट : शेवटी राहणारे मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम. अमोनियमची परीक्षा मात्र मूळ नमुन्यावरच करावी लागते, कारण मध्यंतरी आपणच अमोनिया घातलेला असतो.

दुसऱ्या व चौथ्या गटास वायू एकच असता गट दोन कसे पडतात, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. आम्ल असता द्रावणात सल्फाइडचे आयन फार थोडे राहतात; तेवढ्याने अत्यंत अविद्राव्य अशीच सल्फाइड खाली बसतात. अमोनिया घातला म्हणजे सल्फाइडचे आयन वाढतात व उरलेलीही बसतात. तिसऱ्या गटात नवसागर घालण्याचे कारणही असेच. तो अमोनियाचा जोर कमी करतो, त्यामुळे मॅग्नेशियमसारखे धातू अवेळी खाली बसत नाहीत. म्हणजे चाळणीची छिद्रे लहानमोठी करणे शास्त्रज्ञाच्या हाती असते. हायड्रोजन सल्फाइड हा वायू विषारी आहे. त्याचा प्रयोग प्राथमिक शाळेत मुळीच करू नये.

चौथा प्रयोग : ज्योतीची साक्ष

सोडियम व पोटॅशियम यांचे बहुतेक क्षार पाण्यात विरघळतात. त्यांचा साका सहजी मिळत नाही. त्यांस ज्योतीने ओळखतात. विजेच्या जुन्या शेगडीतील तारेचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून स्पिरिटच्या दिव्यावर वारंवार तापवावा. ज्योतीस रंग येईनासा झाला म्हणजे तार स्वच्छ झाली. मग तीवर क्षाराचा कण घेऊन ज्योतीच्या कडेस धरावा. मिठाने ज्योत पिवळी, कॅल्शियम क्लोराइडने विटेसारखी लाल, मोरचुदाने हिरवी व पोटॅशियमच्या क्षाराने फिकट जांभळी होते. तांब्याची तार वापरू नये; तिचा स्वतःचाच हिरवा रंग येईल.

स्वच्छ केलेली तार बोटाने नुसती पुसून पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत पिवळी होते, कारण घामातील मीठ तारेस लागलेले असते. सोडियमची ही पिवळी ज्योत पोटॅशियमची जांभळी छटा झाकून टाकते. निळ्या काचेतून पाहिले असता पिवळा प्रकाश अडतो व जांभळा दिसतो. दिवाळीच्या शोभेच्या दारूतील हिरवा रंग बहुधा बेरियमचा असतो, लाल स्ट्रॉन्शियमचा. हिरवा दिसला की तांबेच, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

डोळ्यास सारखे दिसणारे रंग लोलकातून पाहिले तर वेगवेगळ्या रेषांत उलगडतात. बुन्सेन व किरखोफ या दोघांनी ही पद्धत उभी केली आणि 1860 साली जर्मनीतील ड्युर्कहाइम येथील झऱ्याच्या पाण्यात, तोवर कोणासही ठाऊक नसलेल्या निळ्या रेषा पाहिल्या. त्या सीझियम या नव्या धातूच्या होत्या. त्याचा क्षार हाती येण्यासाठी सुमारे 40 टन पाणी आटवावे लागले. साध्या झऱ्याच्या पाण्यात एक नवे मूलद्रव्य सापडावे, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

आता नमुना न विरघळवताही धातू ओळखता येतो. या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे पुराणवस्तुसंग्रहालय आहे. सातवाहन राजांनी शिशाचीही नाणी पाडली होती. अशा जुन्या नाण्यावर आम्ल टाकणे म्हणजे इतिहासाचा पुरावाच नष्ट करणे. म्हणून संशोधक क्ष-किरण टाकून, त्यातून उमटणाऱ्या किरणांवरून धातू ओळखतात. साधन बदलले, तरी विचारण्याचा प्रश्न तोच राहिला.

पाचवा प्रयोग : गावचे पाणी

विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची विहीर, विंधणविहीर किंवा नळ यांचे पाणी स्वच्छ बाटलीत आणावे. बाटलीवर ठिकाण, तारीख व आणणाऱ्याचे नाव लिहावे. चार सारख्या बाटल्यांत समान पाणी घ्यावे : पहिलीत पावसाचे, दुसरीत विहिरीचे, तिसरीत विहिरीचे उकळून, निववून गाळलेले, व चौथीत धुण्याचा सोडा घातलेले विहिरीचे. साबणाच्या वडीचा कीस पावसाच्या पाण्यात विरघळवून त्याचे दहा दहा थेंब प्रत्येकीत टाकावेत व वीस वेळा हलवावे. धुण्याची पावडर वापरू नये. ती जड पाण्यातही फेस करते.

पावसाच्या पाण्यात फेस टिकतो. विहिरीचे पाणी जड असल्यास फेसाऐवजी पांढरट साय येते. ती कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबण मिळून झालेला साका होय. उकळलेल्या पाण्यात फेस वाढला तर तेवढा जडपणा बायकार्बोनेटमुळे आलेला, म्हणजे तात्पुरता होता. पाणी तापवण्याच्या बंबात जी पांढरी खपली धरते ती उकळताना बसलेला कॅल्शियम कार्बोनेटच. तिच्यावर लिंबू पिळले तर बुडबुडे येतात. डाळ लवकर शिजत नाही, साबण जास्त लागतो, अशा घरातील तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथे असते.

कॅल्शियम व मॅग्नेशियम वेगळे दाखवण्यासाठी शिक्षकांनी पाणी आटवून थोडे करावे, बसलेली खपली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबांनी विरघळवावी, मग नवसागर व अमोनिया घालावा. साका आल्यास गाळून टाकावा. गाळलेल्या द्रावणात अमोनियम ऑक्झलेट घालताच पांढरा साका आला तर कॅल्शियम आहे. तो पूर्ण बसल्यावर गाळून, खालच्या द्रावणात सोडियम फॉस्फेट व अमोनिया घालून काचेच्या कांडीने नळीची आतली बाजू घासावी. सावकाश पांढरे स्फटिक दिसले तर मॅग्नेशियम आहे. ही सर्व कृती पावसाच्या पाण्यावरही जशीच्या तशी करावी. तिला कोरी परीक्षा म्हणतात. तिच्यातही साका आला तर दोष विहिरीचा नसून आपल्या द्रव्यांचा किंवा भांड्यांचा आहे, हे समजते.

निष्कर्ष कसा लिहावा?

पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. प्रयोग संपल्यावर शिक्षकांनी विचारावे, "या पाण्यात शिशाची खूण दिसली नाही. मग घरी जाऊन काय सांगाल?" बहुतेक मुले म्हणतील, "गुरुजी, पाणी चांगले आहे, पिण्यास हरकत नाही." या उत्तरापाशीच थांबावे व ते का चूक आहे, हे उलगडून दाखवावे.

पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकानुसार शिसे लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमहून अधिक असू नये. परीक्षानळीत डोळ्यांस दिसेल असा साका येण्यास शिसे याच्या कितीतरी पट असावे लागते. म्हणजे आपली परीक्षा "नाही" म्हणत असताना पाणी घातक असू शकते. उलट पाणी जड ठरले म्हणून ते पिण्यास अयोग्य, असेही नाही. त्याच मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम व अन्य स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा 600 मिलिग्रॅम दिली आहे. आपली विहीर या दोहोंच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे साबणाचा फेस सांगू शकत नाही. शिवाय ज्याने सर्वांत जास्त लोक आजारी पडतात ते रोगजंतू या परीक्षांत कोठेच दिसत नाहीत.

म्हणून वहीत निष्कर्ष असा लिहावा : "अमुक तारखेस अमुक ठिकाणाहून आणलेल्या पाण्यात कॅल्शियम आढळले. या परीक्षांनी शिसे आढळले नाही." आढळले नाही आणि नाही, या दोन वाक्यांत कधीकधी एका घराच्या आरोग्याएवढे अंतर असते. शाळेच्या नावावर गावात विश्वास असतो. गुरुजींनी पाणी चांगले म्हटले, एवढ्यावर माणसे निर्धास्त होतात. तो विश्वास जपणे शिक्षकांचे कर्तव्य आहे. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हा निर्णय ग्रामपंचायतीमार्फत नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवून, तेथील अहवालावरूनच घ्यावा.

स्वाध्याय

1. एका पांढऱ्या क्षाराच्या द्रावणात अमोनियाने पांढरा साका आला. तो ॲल्युमिनियमचा की जस्ताचा, हे ठरवण्यास पुढे काय कराल?
2. बोर्डो मिश्रणात बुडवलेल्या विळ्यावर लाल थर आला. द्रावणात काय मोकळे आहे? लोहाचे काय झाले?
3. पितळेच्या कळंकात जस्त एकदम का दिसत नाही?
4. तार स्वच्छ न करता ज्योतिपरीक्षा केली तर कोणती चूक होईल?
5. कोऱ्या परीक्षेतही साका आला. वहीत काय लिहाल व मग काय कराल?
6. घरी वडील मंडळींस विचारून ताक, लोणचे, सार व पाणी कोणत्या धातूच्या भांड्यात ठेवत व कोणत्यात ठेवत नसत, याची यादी करा. प्रत्येकाचे कारण आजच्या पाठावरून शोधा.

शेवटचा स्वाध्याय सर्वांकडून करून घ्यावा. मुलांनी आणलेली यादी वर्गात वाचली जाईल, तेव्हा घरातील शहाणपण व पुस्तकातील शास्त्र एकाच ठिकाणी भेटतात असा त्यांस अनुभव येईल. जेथे दोहोंचा मेळ बसणार नाही, तेथे पुन्हा प्रयोग करून पाहावा.